नॉर्वेच्या डोंगरातल्या गाड्या: चढ सोडा, उतार कुठे आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं एक निवृत्त जोडपं, मुलगा स्वीडनमध्ये गोथेनबर्गला. त्याच्याकडे राहायला येणारच आहेत, तर मधले दहा दिवस नॉर्वेच्या फ्योर्डांत (डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद पट्ट्यांत) आणि डोंगरांत रेल्वेनं फिरायचं आहे. जून किंवा सप्टेंबर. स्वित्झर्लंड पूर्वी पाहून झालंय. काकूंचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी. फ्लॉमच्या गाडीचं एवढं नाव का आहे, 'नॉर्वे इन अ नटशेल' हा रेल्वे-बोट-बसचा ठरीव दौरा एका दिवसात उरकावा का, आणि त्याशिवाय आणखी काय बघावं, असं विचारलंय.

मी ओस्लोत राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून मराठी मंडळींचे असे दौरे आखून देतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक अपेक्षा नीट करून घ्या. स्वित्झर्लंडमध्ये काचेच्या छताचे डबे, टेबलावर जेवण, कानात माहिती सांगणारं यंत्र हे सगळं पाहिलं असेल. इथे तसं काही नाही. ओस्लो-बर्गन ही या देशातली रोजची गाडी आहे. शेजारी सुट्टीला घरी निघालेला विद्यार्थी असतो, समोर कुणाचा तरी कुत्रा पायाशी वेटोळं करून पडलेला असतो, दाराजवळ स्की नाहीतर सायकली. खिडक्या उघडत नाहीत. फोटो काढायचा तर मोबाइल काचेला टेकवून काढा आणि अंगात गडद रंगाचं काहीतरी घाला, म्हणजे स्वतःचंच प्रतिबिंब येत नाही. अशा गाडीत बसून माणूस सात तास खिडकीबाहेर का बघत राहतो, याचं कारण जमिनीच्या रचनेत आहे. ती समजली की कुठली गाडी, कुठल्या दिशेनं आणि कुठे मुक्काम हे तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

नाशिककरांना हे समजावणं सोपं आहे. कसारा किंवा भोर घाट आठवा. पूर्वेकडून देशावरून येताना जमीन हळूहळू चढते, चढतोय हे कळतही नाही, आणि घाटमाथा आला की पश्चिमेला एकदम कडा. नॉर्वेचे डोंगर असेच एका बाजूला कललेले आहेत: पूर्वेला लांबलचक दऱ्या, पश्चिमेला तुटलेली धार. फरक एवढाच की सह्याद्रीचा कडा पाण्यानं कोरला, इथला हिमनद्यांनी. बर्फाच्या जाड थरानं जुन्या नद्यांच्या दऱ्या यू आकारात खरवडल्या, समुद्रसपाटीच्याही खूप खाली नेल्या आणि बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र शिरला. सोग्नेफ्योर्ड जमिनीत दोनशे किलोमीटरहून अधिक आत येतो आणि सर्वांत खोल जागी १,३०८ मीटर आहे. तोंडाशी मात्र तो बराच उथळ आहे, कारण तिथे बर्फाची ताकद संपली होती. बाजूच्या लहान हिमनद्यांना एवढं खोल खणता आलं नाही, म्हणून त्यांच्या दऱ्या मुख्य दरीच्या कितीतरी वर लटकत राहिल्या. इथले बहुतेक धबधबे या लटकत्या दऱ्यांच्या तोंडाशी आहेत. रेल्वेचीही तीच पंचाईत: वरच्या पठारावरून फ्योर्डाच्या काठाला यायचं तर थोड्या अंतरात शेकडो मीटर उतरायचं.

म्हणून माझा एकच आग्रह असतो. शक्यतो पूर्वेकडून पश्चिमेकडे जा, आणि जिथे उतार संपून पाणी लागतं तिथे रात्र काढा. उलट दिशेनं गेलात तर पहिल्या टप्प्यातच सगळं पाहून होतं आणि मग ओस्लोपर्यंत जंगल, जंगल आणि जंगल.

ओस्लो-बर्गन

सुमारे ५०० किलोमीटर, साडेसहा ते सात तास. १९०९ साली राजा हाकोन सातवा याच्या हस्ते ही लाइन सुरू झाली. त्याआधी बर्गनच्या माणसाला राजधानीत यायचं तर बोटीनं किनाऱ्याला वळसा घालून येणं जास्त सोयीचं होतं. बर्गन ते वोस एवढा तुकडा १८८३ मध्येच झाला होता, तोही नॅरोगेज. खरं कोडं मधल्या पठाराचं होतं. तिथे रस्ता नव्हता, वस्ती नव्हती, बर्फ मात्र वर्षातले बरेच महिने. मजुरांना आणि सामानाला वर न्यायला आधी एक रस्ताच बांधावा लागला. तो रस्ता, रालारवेगन, आजही आहे आणि उन्हाळ्यात लोक त्यावरून सायकली चालवतात.

ओस्लोहून निघाल्यावर पहिले दोन-अडीच तास फार काही घडत नाही. हॉलिंगदाल नावाची लांब दरी, नदी, लाकडाची लाल-पिवळी घरं, गवताचे गठ्ठे. या वेळात डबे उघडून खाऊन घ्या. गेइलोच्या पुढे झाडं ठेंगणी होत जातात आणि मग संपतात. फिन्से हे १,२२२ मीटरवरचं स्टेशन, नॉर्वेच्या रेल्वेजाळ्यातलं सर्वांत उंच. १,२२२ हा आकडा आपल्याकडच्या मानानं फार मोठा वाटणार नाही. पण अक्षांश साठच्या वर आहे, त्यामुळे इथे झाड नाही, जूनमध्येही तळ्यावर बर्फाचे तुकडे तरंगत असतात, आणि समोर हार्दांगरयोकुलन ही हिमनदी पांढऱ्या पाठीसारखी पसरलेली. फिन्सेला मोटारीनं येता येत नाही. सार्वजनिक रस्ताच नाही. येणारे रेल्वेनं येतात, नाहीतर सायकलवर, स्कीवर किंवा चालत. अंटार्क्टिकाला जाण्यापूर्वी ध्रुवप्रवासी शॅकल्टननं आपल्या तयारीसाठी १९१४ मध्ये हीच जागा निवडली होती.

जागा घेताना: ओस्लोहून जाताना डाव्या हाताची खिडकी. हिमनदी दक्षिणेला आहे, म्हणजे डावीकडे. वोसच्या पुढे मात्र, शेवटच्या तासात, गाडी फ्योर्डाच्या काठाकाठानं जाते आणि तो बराचसा उजवीकडे असतो. तोवर डबा थोडा रिकामा झालेला असतो, उठून पलीकडे बसा. कुणी काही म्हणत नाही.

बोगद्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण दरवेळी कुणीतरी हिरमुसतं. या मार्गावर १८० च्या आसपास बोगदे आहेत. शिवाय पठारावर रुळांवर लाकडी छपरं घातलेली आहेत, वाऱ्यानं उडून येणारा बर्फ रुळांवर साचू नये म्हणून. कॅमेरा उचलेपर्यंत अंधार होतो. १९९३ साली फिन्सेच्या पश्चिमेला साडेदहा किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला, तेव्हा जुन्या मार्गाचा सर्वांत उंच तुकडा, १,३०१ मीटरचा, सोडून देण्यात आला. हिवाळ्यात गाड्या अडकणं खूप कमी झालं. प्रवाशांच्या वाट्याचा एक उत्तम देखावाही गेला. रेल्वेवाल्यांना दोष देता येत नाही, त्यांना माल आणि माणसं वेळेवर पोहोचवायची असतात. तेव्हा इथे कॅमेऱ्यापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवा.

फ्लॉम: नाव मोठं, आणि बरंचसं खरं

बर्गन लाइनवर म्यूर्दाल नावाचं स्टेशन आहे, ८६६ मीटरवर. तिथून फ्लॉमची गाडी निघते आणि २० किलोमीटरमध्ये थेट समुद्रसपाटीला, औरलांडस्फ्योर्डाच्या काठावर येते. सर्वांत तीव्र उतार १८ ला १ आहे, म्हणजे १८ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. भोर घाटात तो ३७ ला १ आहे आणि तिथेही कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. म्हणजे हा दुप्पट. तरीही इथे दातेरी रूळ नाहीत. साधी चाकं, साधे रूळ, दोन्ही टोकांना इंजिन आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अनेक ब्रेकव्यवस्था. ज्यांना घाटातल्या रेल्वेचं वेड आहे त्यांनी एवढ्यासाठी तरी जावं.

काम १९२०च्या दशकात सुरू झालं आणि १९४० मध्ये पहिली गाडी धावली, तीही वाफेच्या इंजिनावर. वीज १९४४ मध्ये आली. वीस बोगद्यांपैकी अठरा हातानं खणलेले. एका मीटरला एका मजुराचा साधारण महिना जाई, असा हिशेब सांगतात. दरीच्या वरच्या टोकाला जागाच नव्हती, म्हणून एका ठिकाणी रूळ डोंगराच्या पोटात शिरून आतल्या आत पूर्ण उलटे फिरतात. खिडकीतून नीट पाहिलंत तर वर आत्ताच सोडलेला मार्ग दिसतो.

मध्ये शोसफॉसेन धबधब्याशी गाडी पाच मिनिटं थांबते, सगळे फलाटावर उतरतात, तुषार अंगावर येतात. उन्हाळ्यात तिथे संगीत सुरू होतं आणि खडकावर लाल कपड्यातली एक नर्तकी दिसते, लोककथेतली वनपरी हुल्द्रा म्हणून. काहींना हे फार आवडतं. मला नाही. एवढा प्रचंड धबधबा समोर असताना लाउडस्पीकर कशाला, असं वाटतं. पण नातवंडं बरोबर असतील तर तीच गोष्ट त्यांच्या लक्षात राहील, हेही खरं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, एवढं नाव का. गाडी सुंदर आहे, पण ती जेमतेम तासाभराची आहे, आणि उन्हाळ्यात फ्लॉमच्या धक्क्याला हजारो प्रवाशांची क्रूझ जहाजं लागतात. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात ते सगळे त्याच गाडीत असतात. खिडकी मिळाली नाही की माणूस म्हणतो, ठीक होती, एवढं काही नाही. त्याला दोष गर्दीचा असतो. उपाय साधा आहे: फ्लॉमला किंवा शेजारच्या औरलांडला रात्र काढा, शक्यतो दोन. ओस्लोहून सकाळी निघालात तर दुपारी म्यूर्दालला पोहोचता. तिथल्या कॅफेत तासाभर बसून जरा उशिराची खालची गाडी धरा. डब्यात माणसं कमी असतात. संध्याकाळी जहाजं गेली की फ्लॉम पुन्हा लहानसं गाव होतं. दुसऱ्या दिवशी स्टेगास्टाइनला बसनं जा. फ्योर्डाच्या ६५० मीटर वर लाकूड आणि पोलादाचा एक सज्जा डोंगराबाहेर काढलेला आहे. बस अगदी जवळ सोडते, गुडघ्यांना त्रास नाही.

'नटशेल' एका दिवसात?

होऊ शकतं, रोज शेकडो लोक करतात. बर्गन लाइन, फ्लॉमची गाडी, फ्लॉम ते गुदवांगेन बोट, गुदवांगेन ते वोस बस, पुन्हा रेल्वे. ओस्लोहून निघून त्याच दिवशी रात्री बर्गनला. या नावाखाली जे विकलं जातं ते या सगळ्या तिकिटांचं एकत्र पुडकं आहे, बरोबर वाटाड्या नसतो. तीच गाडी, तीच बोट, तीच बस तुम्ही स्वतःही आरक्षित करू शकता आणि मध्ये हवे तितके मुक्काम घालू शकता. पुडक्याचा फायदा एवढाच की वेळा जुळवायची डोकेदुखी राहत नाही. तुमचा मुलगा जवळच आहे, त्याला सांगा, त्याचं तासाभराचं काम आहे.

बोटीला मात्र भरपूर वेळ द्या. नेरॉयफ्योर्ड २००५ पासून जागतिक वारसायादीत आहे आणि अरुंद जागी फक्त २५० मीटर रुंद. दोन्ही बाजूंना हजार मीटरहून उंच भिंती, त्यांवर चिकटलेली एखाद-दोन शेतघरं. आता या मार्गावर विजेवर चालणारी बोट आहे, इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे धबधब्यांचा आवाज ऐकू येतो. दोन तासांचा प्रवास आहे आणि डेकवर जूनमध्येही थंडी वाजते. कानटोपी बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

रौमा: एकच निवडायची तर ही

बाहेरून येणारे पर्यटक फ्लॉम बघतात. रौमा त्यांच्या यादीत क्वचितच असते. मला विचाराल तर एकच लाइन पाहायची असेल तर मी हीच सांगेन. ओस्लोहून ट्रॉन्डहाइमकडे जाणाऱ्या डोव्हरे लाइनवर डोम्बोस हे जंक्शन आहे. तिथून ऑन्डाल्सनेसपर्यंत ११४ किलोमीटर, दीड तासाहून थोडं जास्त. १९२४ मध्ये सुरू झालेली ही लाइन अजून डिझेलवर चालते.

सुरुवात अगदी साधी आहे. सपाट दरी, शेतं, मग लेस्याकोगस्वात्ने नावाचं लांबट तळं. या तळ्याला दोन तोंडं आहेत. पूर्वेच्या तोंडातून निघालेलं पाणी लोगन नदीतून, म्योसा तळ्यातून, मग ग्लोमा नदीतून देशाच्या पार दक्षिणेला समुद्राला मिळतं. पश्चिमेच्या तोंडातून निघालेलं पाणी म्हणजे रौमा नदी, आणि ते सत्तर किलोमीटरच्या आत फ्योर्डात. तळ्याची उंची ६११ मीटर. दोन्ही पाण्यांना उतरायचं तेवढंच, पण एकाला अर्धा देश मिळालाय आणि दुसऱ्याला एक दरी. वर जो कललेल्या डोंगरांचा हिशेब सांगितला तो इथे खिडकीतून बघायला मिळतो.

बियोर्लीनंतर नदी खाली पडू लागते आणि रेल्वेला तिच्यामागे जावंच लागतं. मार्ग डोंगरात घोड्याच्या नालेसारखा वळतो, बाहेर येतो तेव्हा दिशा उलटी झालेली असते. मग शिलिंग पूल. दगडात बांधलेला, नदीच्या ५९ मीटर वर. उन्हाळ्यात चालक इथे गाडी हळू करतात. त्यापुढे दरीच्या भिंती जवळ येतात आणि डावीकडे ट्रोलवेग्गेन उभी राहते. सरळ उभा कडा हजार मीटरहून अधिक, युरोपातला सर्वांत उंच समजला जातो. उजवीकडे रोम्सडाल्सहोर्न हे टोकदार शिखर. ट्रोलवेग्गेनच्या माथ्यावरून पॅराशूट घेऊन उड्या मारायचं वेड एके काळी फार वाढलं होतं. अपघात आणि धोकादायक बचावकार्यं पाहून १९८६ पासून त्यावर बंदी आहे.

ऑन्डाल्सनेस हे छोटं गाव. इतिहासात त्याची एक वेगळी नोंद आहे: एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा शिरल्या तेव्हा नॉर्वेच्या राष्ट्रीय बँकेचं सुमारे ५० टन सोनं ओस्लोहून हलवलं गेलं, आणि ते याच रुळांवरून इथे आणून पुढे समुद्रमार्गे देशाबाहेर काढलं. आज त्याच गावात २०२१ पासून केबल कार आहे, ७०८ मीटरवरच्या नेसाक्सला शिखरापर्यंत. काकूंसाठी ही सर्वांत चांगली बातमी. चालायचं काही नाही आणि वरून फ्योर्ड, गाव, नदी सगळं एका नजरेत.

दहा दिवस कसे बसवायचे

गोथेनबर्ग ते ओस्लो रेल्वेनं साडेतीन-चार तास. ओस्लोत एक रात्र. मग म्यूर्दालमार्गे फ्लॉम, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं गुदवांगेन, बसनं वोस, गाडीनं बर्गन. बर्गनला दोन रात्री, आणि छत्री. हे शहर वर्षातले दोनशेहून अधिक दिवस भिजतं, तेव्हा पाऊस लागला तर रुसू नका.

बर्गनहून रोज संध्याकाळी उत्तरेकडे किनारी जहाज सुटतं, हुर्टिग्रुटेन किंवा हाविला यांपैकी एकाचं. केबिन घ्या, सकाळी ओलेसुंदला उतरा. वाटेत स्टाड नावाच्या भूशिरापाशी जहाज उघड्या समुद्रात येतं, तिथे हलतं. गोळी आधीच घेऊन झोपा. ओलेसुंद १९०४ च्या आगीत जळालं आणि एकाच शैलीत पुन्हा उभं राहिलं. एक दिवस छान जातो. तिथून बसनं दोन-सव्वादोन तासांत ऑन्डाल्सनेस, एक-दोन रात्री. परतीला रौमा लाइन डोम्बोसपर्यंत, मग डोव्हरे लाइन ओस्लोपर्यंत, आणि गोथेनबर्ग.

यात रौमा उतरायची ऐवजी चढली जाते, आणि मी वर एवढा उताराचा आग्रह धरला. उलट्या दिशेनं फेरी केली तर दक्षिणेकडे येणारं जहाज ओलेसुंदला मध्यरात्रीनंतर धरावं लागतं. तुमच्या वयाला ते मी सुचवणार नाही. चढताना ट्रोलवेग्गेन उजवीकडे येते, एवढं लक्षात ठेवा. गाडी ऑन्डाल्सनेस सोडताच थोड्याच वेळात ती दिसते, तेव्हा सामान लावत बसू नका.

उत्तरेच्या लाइन्स

दहा दिवसांत या बसणार नाहीत, पण पुढच्या खेपेसाठी.

ट्रॉन्डहाइम ते बूडो, ७२९ किलोमीटर, दहा तासांच्या आसपास. १९६२ मध्ये बूडोपर्यंत पूर्ण झाली. साल्टफ्येलच्या उघड्या पठारावर ती उत्तरध्रुववृत्त ओलांडते, रुळांच्या दोन्ही बाजूंना दगडांचे ढीग रचलेले आहेत. जर्मन ताब्याच्या काळात या लाइनच्या मोठ्या भागावर युद्धकैद्यांना राबवलं गेलं, त्यांत सोव्हिएत आणि युगोस्लाव्ह कैदी होते आणि त्यांतले पुष्कळ तिथेच मेले. हे ठाऊक असलं की पठाराकडे बघण्याची नजर बदलते. बूडोहून लोफोटेनची बोट मिळते. प्रवास मात्र खरंच लांब आहे, वाचायला पुस्तक न्या.

स्वीडनच्या किरुनापासून नॉर्वेच्या नार्विकपर्यंतची लाइन मला फार प्रिय आहे. ती लोखंडाच्या दगडासाठी बांधली, १९०२ मध्ये पूर्ण झाली. किरुनाची खाण डोंगराच्या आत, नार्विकचं बंदर हिवाळ्यातही न गोठणारं, मध्ये डोंगर. आजही सुमारे ७५० मीटर लांबीच्या, ६८ वाघिणींच्या मालगाड्या सारख्या जात असतात, एकेक भरलेली गाडी साडेआठ हजार टनांची. उतरताना त्यांची इंजिनं ब्रेक लावता लावता वीज तयार करून तारेत परत सोडतात, आणि रिकाम्या गाड्या वर न्यायला ती कामाला येते. प्रवासी गाडी या राक्षसांना वाट देत देत जाते. किरुनाहून निघाल्यावर उजवीकडे टोर्नेत्रेस्क हे लांबच लांब तळं, अबिस्कोजवळ डावीकडे लापपोर्टेन ही दोन डोंगरांमधली प्रचंड खिंड. सरहद्द ओलांडली की तासाभरात गाडी रोम्बाक्सफ्योर्डाच्या वर कड्याला चिकटून उतरते, फ्योर्ड उजवीकडे. नार्विक नॉर्वेत असूनही नॉर्वेच्या बाकीच्या रेल्वेला जोडलेलं नाही, जायचं ते स्वीडनमधूनच. स्टॉकहोमहून रात्रीची थेट गाडी आहे, अठरा-एकोणीस तासांची. मुलगा स्वीडनमध्ये आहे म्हणजे तुम्हाला हे सोयीचं आहे. खाणीमुळे जमीन खचत असल्यानं अख्खं किरुना हळूहळू सरकवलं जातंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथलं लाकडी चर्च आहे तसं उचलून पाच किलोमीटर नेलं.

स्वीडनची इनलांड्सबानान उन्हाळ्यात चालते, जंगलातून. रेल्वेवेड्यांना आवडते. फ्योर्ड बघायचेत तर ती तुमच्यासाठी नाही. आणि डेन्मार्कला डोंगर नाहीत, त्यामुळे कुणी 'स्कँडिनेव्हियाच्या डोंगरगाड्या' म्हणून कोपनहेगन जोडून देत असेल तर विचारा, कशासाठी.

जून की सप्टेंबर

जूनचा पहिला पंधरवडा. बर्फ वितळत असतो, म्हणजे धबधबे भरून वाहतात, फिन्सेला अजून बर्फ दिसतो आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. शाळांच्या सुट्ट्या लागायच्या असतात. सप्टेंबरच्या मध्यात पठारावरची खुरटी झुडपं लाल-पिवळी होतात, गर्दी ओसरते, पण धबधबे बारीक झालेले असतात. झाडांचे रंग जास्त आवडत असतील तर सप्टेंबर, पाणी आवडत असेल तर जून. जुलै टाळा. गर्दी आहेच, शिवाय रेल्वेची मोठी दुरुस्तीची कामं याच काळात काढतात, खासकरून ओस्लोभोवती. मग गाडीऐवजी बस देतात आणि फलाटावरचा फलक पाहून लोक गोंधळतात. निघण्याच्या आठवड्यात 'एन्टूर'च्या ॲपवर तुमची प्रत्येक गाडी तपासा. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या त्यात दिसतात. अपघाती खंडही पडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये 'हान्स' वादळानंतर डोव्हरे लाइनवरचा रिंगेबूजवळचा पूल कोसळला आणि मार्ग पुढच्या मे महिन्यापर्यंत बंद होता.

तिकिटं, पास, जेवण

बर्गन लाइन 'वी' ही कंपनी चालवते, डोव्हरे आणि रौमा 'एसजे'. तिकीट लवकर काढलं तर पुष्कळ स्वस्त पडतं, पण स्वस्त तिकिटं बहुतेकदा बदलता येत नाहीत. भारतात राहणाऱ्यांना युरेल पास मिळतो (इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी असतो, ते मुलाचं). तुमच्या या फेरीत मोजून सहा-सात रेल्वेप्रवास आहेत, बाकी बोट आणि बस. पास परवडणार नाही. शिवाय फ्लॉमच्या गाडीवर पासनं फक्त ३० टक्के सवलत मिळते, फुकट नाही.

गाडीतल्या कॅफेत शाकाहारी म्हणजे एखादं सूप, पाव, केक, कॉफी. दशम्या, मेथीचे ठेपले, चटणी, भाजलेले दाणे बरोबर ठेवा. भारतातून येताना पेढे, श्रीखंड, चीज असले दुधाचे पदार्थ मात्र आणू नका. युरोपीय संघात आणि नॉर्वेतही बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात, शनिवारीच घेऊन ठेवा. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या. रोख पैसे जवळजवळ लागत नाहीत. कार्ड चालतं, अगदी सार्वजनिक स्वच्छतागृहालाही.

व्हिसाचं शेवटी, पण तो आधी करा. नॉर्वे युरोपीय संघात नाही, शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर दोन्ही देश होतात. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. तुम्ही मुलाकडे दहा दिवसांहून जास्त राहणार असाल तर स्वीडनकडे, आणि नॉर्वेतले मुक्काम अर्जात दाखवायला विसरू नका. जूनसाठी यायचं तर अपॉइंटमेंट फेब्रुवारी-मार्चमध्येच बघा, आणि व्हिसा हातात येईपर्यंत न बदलता येणारी स्वस्त तिकिटं काढू नका.